अंगवळणी पडलेले हत्यार बदलते तेव्हा



कामगार चळवळीतल्या माणसाने मोबाइलच्या भानगडीत कशाला पडावे, असे काहींच्या मनात आले असेल. मी संगणकाचे शास्त्र कोठे शिकलो नाही. जे थोडेबहुत कळते ते वाचून आणि जाणत्यांना विचारून. परंतु हत्यार आणि हात यांचे नाते हा माझ्या धंद्याचाच विषय आहे, आणि आजचा प्रश्न मुळात तोच आहे.

सुताराचा वाकस घ्या. काम करताना त्याचे लक्ष लाकडावर असते, वाकसावर नसते. हत्यार अंगवळणी पडले म्हणजे काय, तर ते आठवावे लागत नाही. दांडा झिजला तर सुतार स्वतः बदलतो, आपल्या हाताच्या मापाने बदलतो, आणि चार दिवस सांभाळून काम करतो. मोबाइलमधले हत्यार मात्र शेकडो कोसांवरच्या कचेरीतून बदलता येते. ते बदलले हे वापरणाऱ्याला कळते, त्या वेळी काम समोर ताटकळत उभे असते.

याचे आपल्या राज्यातले ठळक उदाहरण अंगणवाडी सेविकांचे आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, तेव्हापासून सेविकेचे हत्यार म्हणजे रजिस्टर. लाभार्थ्यांची नावे, वजने, लसी, आहार, अशी रजिस्टरे वाढत वाढत अकरा झाली. पुढे 2018 साली पोषण अभियान आले आणि त्याबरोबर ‘कॅस’ नावाचे ॲप. आपल्या राज्यातल्या सेविकांच्या हाती 2019 साली सरकारी मोबाइल पडले. पन्नाशीला टेकलेल्या, वहीवर उभी हयात काढलेल्या बाया ते शिकल्या. कोणी मुलाकडून शिकल्या, कोणी शेजारच्या गावच्या सेविकेकडून. बोट बसले.

आणि 1 मार्च 2021 रोजी ‘कॅस’ जाऊन ‘पोषण ट्रॅकर’ आला! नवे ॲप इंग्रजीत. मोबाइल मात्र जुनाच, दोन जीबी स्मरणशक्तीचा. नव्या ॲपचा भार त्याला पेलेना. तो तापे, अडे, बंद पडे, आणि दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेच्या मानधनातून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत केले. जुन्या काळी कामगार संपात हत्यार खाली ठेवत. येथे बायांनी हत्यार मालकाच्या मेजावर नेऊन ठेवले. फरक लहान नाही.

त्या वेळी कित्येक शहाण्यासुरत्यांनी निकाल दिला की ‘यांना मोबाइल कळत नाही.’ हा निकाल उफराटा आहे. नवख्या माणसाला पडद्यावरचे प्रत्येक अक्षर वाचावेच लागते. त्यामुळे मांडणी बदलली तरी त्याचे फारसे बिघडत नाही. ज्याचे बोट बसले आहे तो वाचत नाही, त्याचे बोट जुन्या जागी आपोआप जाते आणि तेथे आता दुसरेच काही असते. म्हणजे जो अधिक तरबेज, त्याचीच चूक अधिक. संताप येतो तो अज्ञानाचा नव्हे; कमावलेले कसब कोणी न विचारता काढून घेतले, त्याचा असतो.

करणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. सॉफ्टवेअर जसेच्या तसे ठेवता येत नाही. त्यात चोरवाटा सापडतात, त्या बुजवाव्या लागतात. नवे नियम येतात, नव्या नोंदी लागतात. जुने आणि नवे दोन्ही चालू ठेवायचे तर खर्च दुप्पट. हे सर्व मान्य. पण चोरवाट बुजवणे वेगळे आणि घराचा दरवाजा हलवणे वेगळे. मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीने 2012 साली ‘विंडोज 8’ मधून कोपऱ्यातले ‘स्टार्ट’चे बटण काढून टाकले. जगभरच्या कारकुनांपासून हिशेबनिसांपर्यंत ओरड झाली, आणि 2013 साली ‘8.1’ मध्ये ते बटण परत आणावे लागले. गिऱ्हाईक बोलले तर बटण परत येते. मानधनावरची बाई बोलली तर तिला आधी नोटिशीची भीती.

कायदा काय म्हणतो? औद्योगिक विवाद कायदा, 1947 मध्ये कलम 9-अ होते. चौथ्या परिशिष्टातल्या बाबींत सेवाशर्ती बदलायच्या तर मालकाने 21 दिवसांची सूचना द्यावी, असा त्याचा आशय. यंत्रातली वा तंत्रातली सुधारणाही त्या यादीत आहे, पण तिच्यामुळे कामगार कमी होण्याचा संभव असेल तरच. हीच व्यवस्था 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत आली. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. म्हणजे नोकरी जाणार असेल तर कायद्याला दिसते. नोकरी राहून हातातले कसब गेले तर दिसत नाही. सेविकेच्या बाबतीत तर तिला कामगार म्हणावे की मानसेवी, येथूनच वाद. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये तिला ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, एवढाच काय तो उजेड.

पोषण ट्रॅकरमध्ये पुढे मराठी आली. फेब्रुवारी 2023 मध्ये संप झाला, त्यात नव्या मोबाइलची मागणी होती. आणि 1 जुलै 2025 पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा ॲपने ओळखला पाहिजे, असे ठरले. अपहार थांबावा हा हेतू रास्त आहे. परंतु मंठ्याकडच्या एखाद्या वस्तीवर रेंज नाही, उन्हात पडदा दिसत नाही, बाळंतीण दारात उभी आहे आणि चेहरा जुळत नाही, अशा वेळी जाब सेविकेला द्यावा लागतो, ॲप करणाऱ्याला नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. बदल करण्यापूर्वी तो चार तालुक्यांत, खऱ्या सेविकांच्या हाती, त्यांच्याच मोबाइलवर चालवून पाहा. नवे आणि जुने महिनाभर बरोबर चालू द्या. शिकवण्याचा दिवस कामाचा दिवस धरा. आणि त्या काळात नोंद चुकली तर मानधन कापू नका. माझ्या माहितीतल्या कित्येक सेविका अजूनही एक वही जवळ ठेवतात. ॲप अडले की वजन आधी तिच्यात लिहितात, आणि रात्री रेंज आली की मोबाइलमध्ये भरतात.