चीज एकच नसते

मराठी घरात ‘चीज’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती फ्रिजमधली फिकट पिवळी क्यूब. ती किसून सँडविचमध्ये घालायची, पावभाजीवर पसरायची, मुलांच्या डब्यातल्या पराठ्यात दडवायची. फार तर पिझ्झ्यावरचे तारा सुटणारे मोझरेला. आवडते चीज कोणते असे विचारले तर बहुतेक जण चीजचे नव्हे, कंपनीचे नाव सांगतात. अलीकडे शहरांतल्या दुकानांत आणि घरपोच सामान देणाऱ्या ॲपवर गौडा, फेटा, ब्री, हलुमी अशी नावे दिसू लागली आहेत. पण त्यांच्याकडे वळण्याआधीच अनेकांनी चीजवर फुली मारलेली असते. कुणाला दूध पचत नाही, कुणाला रक्तदाब आहे, कुणी कडक शाकाहारी आहे.

ही कारणे खरी आहेत. मात्र ती सगळ्या चीजना सारखी लागू होत नाहीत. एका चीजपासून दुसऱ्या चीजपर्यंत मिठाचे प्रमाण पाच-सात पटींनी बदलते. दुधातली साखर काहींत भरपूर असते, तर काहींत जवळजवळ नसतेच. त्या एका क्यूबवरून सगळ्यांचा निकाल लावला, तर पथ्यही चुकते आणि चवही हुकते.

मुळात ती क्यूब म्हणजे प्रक्रिया केलेले, म्हणजेच ‘प्रोसेस्ड’ चीज. स्वित्झर्लंडमधल्या थुन या गावी वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी १९११ मध्ये ते पहिल्यांदा तयार केले. चीज नुसते तापवले तर त्यातले तूप वेगळे सुटते आणि मागे चिवट गोळा उरतो. त्यात सोडियम सायट्रेटसारखा क्षार मिसळला की प्रथिने सैल होतात, मेदाला धरून ठेवतात आणि सारे मिश्रण गुळगुळीत होते. ते साच्यात ओतले की महिनोन्महिने टिकते. उष्ण देशासाठी ही सोय मोठी आहे आणि त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. फक्त दोन गोष्टी होतात. तापवल्यामुळे चीज मुरवणारे जिवाणू मरतात, त्यामुळे चव आहे तिथेच थांबते. दुसरे म्हणजे या क्षारांतून सोडियमची भर पडते.

सगळ्या चीजचा पाया मात्र एकच आहे. दुधात केसीन या प्रथिनाचे अतिसूक्ष्म पुंजके तरंगत असतात. ते एकमेकांना चिकटले की दूध धरते आणि निवळी वेगळी होते. हे घडवण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला आम्लाचा: तापलेल्या दुधात लिंबू पिळले की पनीर होते. विरजलेले दही फडक्यात टांगून केलेला आपला चक्का हासुद्धा ताज्या, आम्लाने धरलेल्या चीजचाच भाऊबंद आहे. दुसरा मार्ग रेनेटचा. रेनेटमधले विकर केसीनच्या पुंजक्यांवरचे एक संरक्षक टोक कापून टाकते आणि दूध न आंबताही घट्ट होते. पनीर तव्यावर का वितळत नाही आणि मोझरेलाला तार का सुटते, याचे उत्तर इथेच आहे. रेनेटने धरलेल्या चीजमध्ये केसीनचे धागे कॅल्शियमने जोडलेले राहतात आणि उष्णतेने ती जोडणी सैल होते. आम्लामुळे बरेचसे कॅल्शियम निवळीत निघून जाते, आणि मग पनीर तापले की वितळण्याऐवजी उलट आवळत जाते.

शाकाहाराचा प्रश्न या रेनेटपाशी येतो. परंपरेने ते दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरातून काढत. आज बहुतेक उत्पादक बुरशीपासून मिळणारे किंवा सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेले विकर वापरतात. अमेरिकेने अशा सूक्ष्मजीवी कायमोसिनला १९९० मध्ये मान्यता दिली. पोर्तुगालमध्ये तर काही प्रसिद्ध चीज कार्डून नावाच्या काटेरी वनस्पतीच्या फुलांनी धरवतात. भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिला की काम भागते. परदेशी राहणाऱ्या किंवा फिरायला गेलेल्या शाकाहारी मंडळींनी मात्र एक लक्षात ठेवावे: इटलीच्या अस्सल ‘पार्मिज्यानो रेज्जानो’मध्ये वासराचे रेनेटच वापरावे लागते, तसा नियमच आहे.

आता पचनाकडे. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे विकर मोठेपणी पुष्कळ जणांच्या आतड्यात कमी होते. मोठेपणीही ते टिकवणारा जनुकीय बदल युरोपात आणि भारतात एकच आहे. भारतात तो वायव्येकडे जास्त आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी आढळतो. चीज करताना बहुतांश लॅक्टोज निवळीबरोबर वाहून जाते. उरलेले जिवाणू खातात आणि त्याचे लॅक्टिक आम्ल करतात. म्हणून काही महिने मुरलेल्या चेडर, गौडा, एमेंटालमध्ये लॅक्टोज नगण्य असते. पोलंडमध्ये सापडलेल्या सुमारे ७ हजार वर्षांपूर्वीच्या भोके पाडलेल्या मातीच्या भांड्यांत दुधातल्या मेदाचे अंश मिळाले आहेत. निवळी गाळण्याच्या त्या चाळण्या होत्या, असे २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवले. त्या काळच्या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांना मोठेपणी दूध पचत नसावे. चीज ही चैन नव्हती, दूध खाण्याजोगे करण्याची ती युक्ती होती.

उलट टोक म्हणजे नॉर्वेचे ब्रुनोस्ट. ते निवळी आटवून करतात, त्यामुळे जी साखर इतर चीजमधून निघून जाते तीच यात साठते. त्याची खरपूस, कॅरॅमलसारखी चव त्या साखरेचीच. मुंबईतल्या एका छोट्या उत्पादकाच्या ब्रुनोस्टने जागतिक चीज स्पर्धेत पदक मिळवले आहे. कौतुकाची गोष्ट, पण दूध न पचणाऱ्यांनी ते जपूनच खावे. ताजे रिकोटा आणि चीज स्प्रेड यांतही लॅक्टोज उरते. पाकिटावर कर्बोदकांचा आकडा पाहावा. तो शून्याजवळ असेल तर चिंता नाही. शिवाय लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी साधारण १२ ग्रॅम, म्हणजे कपभर दुधाइतके लॅक्टोज फारसा त्रास न होता चालते, हेही विसरू नये. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी हा वेगळा आजार आहे. त्या व्यक्तीला कोणतेही चीज चालत नाही.

रक्तदाब असणाऱ्यांसाठी मात्र खरा आकडा सोडियमचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला २ हजार मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. म्हणजे सगळे मिळून ५ ग्रॅम मीठ. प्रोसेस्ड चीजच्या १०० ग्रॅममध्ये साधारण हजार ते दीड हजार मिलिग्रॅम सोडियम असते. २५ ग्रॅमच्या दोन क्यूब संपवल्या की दिवसाच्या मर्यादेचा पाव ते तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग तिथेच संपला. पाव, भाजी, लोणचे अजून बाकीच आहे. फेटा मिठाच्या पाण्यात ठेवतात, त्यामुळे त्याचाही आकडा हजाराच्या आसपास जातो. चेडर सहाशेच्या थोडे पुढे. आणि भोकांचे एमेंटाल जेमतेम दोनशे!

एमेंटालमध्ये मीठ कमी का, याचे कारण मजेशीर आहे. त्याला गोडसर, अक्रोडासारखी चव देणारे प्रोपिओनी जिवाणू जास्त मिठात वाढत नाहीत. तेच जिवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि त्याची भोके होतात. गेल्या काही दशकांत ही भोके लहान होत चालली, तेव्हा स्वित्झर्लंडच्या ‘ॲग्रोस्कोप’ या संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याचा छडा लावला. उघड्या बादलीत धार काढताना दुधात गवताचे बारीक कण पडत आणि त्यांच्याभोवती वायूचे बुडबुडे धरत. यंत्राने दूध स्वच्छ निघू लागले आणि भोके आटली.

आपल्या पनीरमध्ये वरून मीठ घालत नाहीत, म्हणून ते या यादीत सर्वांत खाली. वजनाचे म्हणाल तर मुरलेल्या चीजच्या ३० ग्रॅममध्ये सव्वाशेच्या आत कॅलरी असतात, त्यामुळे तुकडा मोजूनच घ्यावा लागतो. कोलेस्टेरॉलबाबत थोडा दिलासा आहे. तितकाच मेद लोण्यातून दिला तर एलडीएल जितके वाढते तितके चीजमधून वाढत नाही, असे डेन्मार्कमधल्या प्रयोगांत दिसले. पण ही तुलना लोण्याशी आहे, शेंगदाण्याशी नाही.

याहून गंभीर बाब औषधांची आहे आणि ती आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. चीज मुरताना प्रथिने तुटतात आणि त्यातून टायरामीन तयार होते. एरवी शरीरातले मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर त्याचा निकाल लावते. १९५० च्या दशकात क्षयरोगावरच्या इप्रोनियाझिडमुळे रुग्णांची उदासी जाते असे दिसले आणि हे विकर रोखणारी नैराश्यावरची औषधे आली. मग ती घेणाऱ्या काही जणांचे डोके अचानक भयंकर दुखू लागले, रक्तदाब उसळला. त्यामागे चीज आहे, हे ब्रिटनमध्ये बॅरी ब्लॅकवेल यांनी १९६३ मध्ये मांडले. नैराश्यावरची ती औषधे आज क्वचितच दिली जातात, पण प्रतिरोधी क्षयरोगावर दिले जाणारे लिनेझोलिड हेच विकर सौम्यपणे रोखते. नेहमीच्या क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडबरोबरही मुरलेले चीज खाऊन चेहरा लाल होणे, धडधड, डोकेदुखी झाल्याच्या नोंदी आहेत. ‘ताकद यावी’ म्हणून क्षयरुग्णाला दूधदुभते भरपूर देण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात पनीर, दूध, ताजे दही चालते. जुने मुरलेले चीज देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. चीजसाठी औषध मात्र बंद करू नये.

गरोदर स्त्रियांनी ब्री, कॅमेम्बर्ट यांसारखी मऊ बुरशीची चीज, मऊ निळी चीज आणि कच्च्या दुधाची मऊ चीज टाळावीत. त्यांतल्या ओलाव्यात लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. १९८५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात मेक्सिकन पद्धतीच्या ताज्या चीजमधून हा संसर्ग पसरला, तेव्हा बळींमध्ये गर्भ आणि नवजात बालके मोठ्या संख्येने होती.

इतके पथ्य सांभाळूनही नवे चाखायला बरेच उरते, आणि सुरुवात देशातूनच करता येते. जम्मूकडची कलाडी तव्यावर टाकली की स्वतःच्याच तुपात खरपूस होते आणि आत ताणली जाते. मोझरेला आवडणाऱ्यांना ती लगेच रुचेल. पारशी घरांतले टोपली पनीर निवळीत ठेवलेले, लुसलुशीत असते. ते रेनेटने लावतात, म्हणून शाकाहारींनी विचारून घ्यावे. बंगालमधले बंडेल चीज धुरावलेले आणि खारट. रात्रभर पाण्यात भिजवले की त्याचे मीठ उतरते. फेटालाही हीच युक्ती चालते. सिक्कीम-दार्जिलिंगकडची वाळलेली छुर्पी ताकापासून होते, मेद कमी, आणि एक तुकडा तासभर चघळावा लागतो. पनीर टिक्क्याचे शौकीन सायप्रसच्या हलुमीवर खूश होतील, मात्र ती खारट असते. क्यूबच्या पुढे पहिले पाऊल टाकायचे तर सौम्य गौडा बरा. निळ्या चीजने सुरुवात केलेले अनेक जण तिथेच थांबतात.

विकत घेताना घटकांची यादी वाचावी. दूध, मीठ, विरजण आणि रेनेट एवढेच लिहिले असेल तर ते साधे चीज. आधी ‘चीज’ आणि मग क्षार, आम्लता नियंत्रक वगैरे असतील तर ते प्रोसेस्ड. पामतेल आणि स्टार्च दिसले तर ते ‘ॲनालॉग’. ते दुग्धजन्य पदार्थ म्हणून विकता येत नाही, पण हॉटेलातल्या स्वस्त पिझ्झ्यावर यादी छापलेली नसते. त्यातून चीजइतके प्रथिन आणि कॅल्शियम मिळेल, ही अपेक्षा ठेवू नये.

आधी १०० ग्रॅमचाच तुकडा घ्यावा. खाण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढून ठेवावा, कारण गार चीजचा वास आणि चव दबलेली असते. उरलेला तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवावा. कडक चीजवर बुरशी आली तर तिच्याभोवतीचा आणि खालचा अडीच सेंटिमीटर भाग कापून बाकीचे वापरता येते. पनीर, किसलेले चीज, स्लाइस किंवा मऊ चीजवर आली तर सगळे टाकून द्यावे.