मागच्या दिव्याची तहकीकात

पुढचा दिवा विझला तर चालकाला रस्ता दिसेनासा होतो, भोंगा मुका झाला तर ते त्याच्याच कानाला कळते. परंतु ब्रेकलाइट पेटला नाही, तर त्याची वार्ता चालकाखेरीज मागून येणाऱ्या प्रत्येकाला असते आणि त्या बिघाडाचे मोलही बहुधा त्या मागच्यालाच मोजावे लागते. जुनी मोटार जिव्हाळ्याने बाळगणाऱ्या गृहस्थाने इंजिनाच्या आवाजाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष ज्या अंगठ्याएवढ्या वस्तूकडे पुरवावयास हवे, ती वस्तू म्हणजे ब्रेकलाइटचा स्विच, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरणादाखल मॉरिस मायनर घेऊ. अलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही ब्रिटिश मोटार १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली, १९७१ पर्यंत तयार होत राहिली, आणि त्या अवधीत तिच्या सोळा लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. आपल्या देशात हिंदुस्थान मोटर्सने तीच ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने विकली. तिचे ब्रेक लॉकहीड पद्धतीचे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे आहेत. आजच्या मोटारींत ब्रेकलाइटचा स्विच पेडलच्या दांडीशी बसविलेला असतो, त्यामुळे पेडल हलताच दिवा लागतो. मायनरमध्ये मात्र तो ब्रेकच्या नळीच्या पितळी सांध्यातच आट्यांनी घट्ट बसविलेला असतो. पाय दाबला की नळीतील तेलाचा दाब वाढतो, तो दाब स्विचमधील लवचीक पडद्यास रेटतो, पडद्यामागची तांब्याची चकती दोन अग्रांना जाऊन भिडते आणि मगच वीज मागच्या दिव्यांकडे जाऊ लागते. म्हणजे हा स्विच पायाची हालचाल ओळखत नाही, तो केवळ नळीतला दाब ओळखतो. आणि पुढील सर्व तपासाची किल्ली याच एका गोष्टीत आहे.

दिवा मुळीच लागत नाही, अशी तक्रार असेल तर प्रथम बल्ब पाहावेत. दोन तारांच्या बल्बच्या बाजूच्या खुंट्या मुद्दाम वरखाली ठेवलेल्या असतात. तरीही झिजलेल्या होल्डरात तो उलटा बसविला गेला, तर ब्रेकचा प्रखर प्रकाश टेललाइटच्या वाट्याला जातो आणि ब्रेक दाबल्यावर फरक जाणवत नाही. ब्रेक दाबताच टेललाइट मंदावत असेल, तर दिव्याच्या बैठकीशी गंज चढून अर्थिंग बिघडले आहे असे खुशाल समजावे. बल्ब शाबूत निघाल्यास फ्यूज पाहावा, आणि येथे एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. लुकासच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर जो ३५ अँपिअरचा आकडा असतो, तो फ्यूज वितळण्याचा आकडा होय. सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता सुमारे १७ अँपिअरच असते. त्याच्या जागी आजच्या धर्तीचा ३५ अँपिअरचा फ्यूज बसविला, तर तो वितळण्यापूर्वी वायरिंगच जळण्याचा संभव आहे.

यापुढे खुद्द स्विचची परीक्षा. मायनरमध्ये ब्रेकलाइटचा प्रवाह इग्निशनमधून येतो, म्हणून चावी फिरवल्याखेरीज कोणतीही चाचणी व्यर्थ होय. मात्र इंजिन बंद ठेवून इग्निशन फार वेळ चालू राहू दिले तर कॉइल तापते आणि पॉइंट जळतात, तेव्हा कॉइलची वायर आधी सोडून ठेवणे शहाणपणाचे. ब्रिटिश गाड्यांच्या वर्णसंकेतानुसार स्विचकडे येणारी वायर हिरवी, आणि तेथून दिव्यांकडे जाणारी हिरवीवर जांभळी रेघ असलेली असते. हिरव्या वायरीवर टेस्ट लॅम्प लागत नसेल तर दोष अलीकडे, फ्यूजमध्ये वा एखाद्या गंजलेल्या सांध्यात आहे. लागत असेल, तर दोन्ही वायरी स्विचवरून काढून एका तुकड्याने क्षणभर परस्परांस जोडाव्यात: दिवे लागले की पुढील सारी वायरिंग निर्दोष ठरली आणि अपराध स्विचकडे आला. न लागल्यास डिकीतील वायरींचे जोड उघडून घासावेत.

खरा कस लागतो तो अर्धवट बिघाडात, म्हणजे जेव्हा दिवा लागतो खरा, परंतु पाय पुष्कळ जोराने रेटल्यावरच लागतो. हा प्रकार मला पूर्ण बंद दिव्याहून अधिक घातक वाटतो, कारण गॅरेजमध्ये मिस्त्री पेडल जोराने दाबून दिवा पाहतो आणि गाडी निर्दोष ठरवितो. प्रत्यक्ष रहदारीत मात्र चालक हलक्या पायाने वेग कमी करीत असतो, आणि मागच्यास काहीच इशारा मिळत नाही. याचे कारण विजेच्या प्रवाहात आहे. प्रत्येकी २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर ओढतात, आणि थंड तार पेटण्याच्या पहिल्या क्षणी तर याच्या कितीतरी पट. प्रत्येक वेळी चकती अग्रांना भिडताना व सुटताना बारीक ठिणगी पडते, काळा थर साचतो, आणि पुढे तो थर भेदण्यास अधिकाधिक दाब लागू लागतो. पेडल हलके दाबून ठेवून स्विचच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावावा. काटा जवळजवळ शून्यावर न येता एक-दोन व्होल्ट दाखवीत राहिला, तर स्विचचे आयुष्य सरले.

याच्या उलट, पाय काढल्यावरही दिवा लागलेलाच राहतो, तेव्हा घाईने स्विचला दोषी ठरवू नये. नळीत दाब खरोखरच उरला असेल, तर स्विच केवळ सत्य सांगत असतो. पेडलला किंचित मोकळी चाल नसेल, किंवा मास्टर सिलेंडरमधील परतीचे बारीक छिद्र तुंबले असेल, तर तेल टाकीकडे परतत नाही, ब्रेक अर्धे लागलेले राहतात आणि ड्रम तापतात. जॅकवर चाक उचलून हाताने फिरवून पाहावे. ते जड फिरत असेल तर दुरुस्तीचे स्थान मास्टर सिलेंडर होय, आणि तो मायनरमध्ये चालकाच्या पायाखाली, फरशीच्या खाली असल्याने वर्षानुवर्षे कोणी तिकडे फिरकलेलेच नसते.

स्विच बदलणे कठीण नाही. नवा स्विच हाताशी ठेवूनच जुना काढावा, म्हणजे तेल थोडके सांडते. आटे निमुळते असल्याने ते आवळताच बंद होतात, म्हणून त्यांवर टेफ्लॉनची फीत गुंडाळू नये, आणि पाना बेताने चालवावा, कारण फार आवळल्यास पितळी सांधा चिरतो. त्यानंतर ब्रेकमधील हवा काढलीच पाहिजे. सांडलेले ब्रेक ऑइल रंग खाते, ते पाण्याने तत्काळ धुवावे.

आज बाजारात मिळणारे पुष्कळसे नवे स्विच थोडक्या काळात निकामी होतात, अशी तक्रार जुन्या गाड्यांचे मालक करतात. यावर उत्तम तोड म्हणजे मध्ये एक रिले बसविणे: मग स्विचला फक्त रिलेच्या गुंडाळीपुरता, अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह सोसावा लागतो, आणि दिव्यांचा भार रिले वाहतो. गुंडाळीचा प्रवाह तुटताना उसळणाऱ्या विजेपासून स्विचच्या अग्रांचे रक्षण व्हावे म्हणून तिच्या दोन टोकांवर एक डायोड लावावा. मात्र मूळ मायनरमध्ये बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, हे ध्यानी ठेवूनच त्या डायोडची दिशा ठरवावी. ती चुकली तर प्रवाह गुंडाळीऐवजी डायोडमधून सरळ वाहील, आणि पहिल्याच वेळी पेडल दाबताना फ्यूज उडेल किंवा नवा कोरा स्विच जळून जाईल.