सौर वीज घरात घेताना खांबावरचा माणूस आठवा

गेल्या उन्हाळ्यात वस्तीतील एका घरी आम्ही चहाला गेलो होतो. घरातल्या मुलाने छपरावर दोन सौर पॅनेल बसविली होती. बॅटरी, इन्व्हर्टर सारे स्वतः जोडलेले. पोरगा आयटीआयचा, हुशार. आम्हांला कौतुक वाटले. पण इन्व्हर्टरमधून निघालेली वायर पाहिली आणि चहा घशाखाली उतरेना. दोन्ही टोकांना पिना लावलेली ती वायर त्याने सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये खोचली होती.

"काका, लाइट गेली की अख्खे घर चालते."

"आणि मेन स्विच?"

"तो बंद करतो की, आठवणीने."

आमचे सारे म्हणणे या 'आठवणीने'बद्दल आहे. एखाद्या रात्री मेन स्विच बंद करायचा राहिला, तर घरातली वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. तिथे लाइनमन डीपीवरचा फ्यूज काढून, लाइन बंद आहे असे समजून तारेला हात घालतो. डीपी ११,००० व्होल्टची वीज उतरवून घराला देते. तीच डीपी उलट्या बाजूने आलेली वीज चढवून हजारो व्होल्टही करू शकते. खांबावर चढणारा हा माणूस पुष्कळदा कंत्राटी कामगार असतो, आपल्यासारख्याच घरातला. शिवाय ती वायर प्लगमधून निसटली तर उघड्या पिनांत २३० व्होल्ट. घरात रांगते पोर असेल तर विचारच नको.

बॅटरीवर घर चालवायचे तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा. खांबाची वीज आणि इन्व्हर्टरची वीज एकाच वेळी घरात येऊच शकत नाही, अशी त्याची रचना असते. मग आठवण राहो न राहो.

वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली, नेट मीटरची पद्धत वेगळी. तिथे कंपनीची मंजुरी लागते. तिचा इन्व्हर्टर बाहेरची वीज जाताच आपोआप बंद पडतो. "ऊन आहे, पॅनेल आहे, तरी पंखा बंद! फसवले आम्हांला," अशी तक्रार घेऊन लोक येतात. हा बिघाड नाही, लाइनमनचे संरक्षण आहे. त्यात कोणालाही हात घालू देऊ नये.

छपरावरची बाजू लोक फार हलकी समजतात. ऊन पडले की पॅनेल चालू. तिला बटण नाही. सहा-आठ पॅनेल एकामागे एक जोडली की ३०० ते ४०० व्होल्ट होतात, आणि तेही डीसी. घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी विझते. डीसीची विझत नाही, पेटत राहते. म्हणून तिथे घरातला साधा एमसीबी चालत नाही, डीसीचाच लागतो. चालू असताना जोड ओढून काढू नये. पत्र्याच्या कडेवर वायर घासत असेल तर पाइपातून न्यावी, आणि पॅनेलच्या सांगाड्याला अर्थिंग हवेच. पाचशे रुपये वाचविण्यासाठी नेमके तेच गाळणारे आम्ही पाहिले आहेत.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान ठेवले आहे. ते नोंदणीकृत विक्रेत्याकडून बसविलेल्या, लाइनला जोडलेल्या संचालाच मिळते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला त्याचा काय उपयोग, हा प्रश्न आहेच. त्यावर पुन्हा केव्हातरी लिहू.

त्या मुलाने पुढच्या रविवारी वायरमन बोलावून चेंजओव्हर बसविला. दोन पिनांची ती वायर आम्ही मागून घेतली आणि त्याच्यासमोरच मधोमध कापली.