फ्रीबीएसडी अपडेट करताना संगणक का अडकतो? जाणून घ्या योग्य क्रम

नेटफ्लिक्सचे व्हिडिओ घरोघरी पोहोचवणारे सर्व्हर 'फ्रीबीएसडी' या युनिक्ससदृश ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात. ही सिस्टीम सोर्स कोडमधूनही अपडेट करता येते. मात्र पायऱ्यांचा क्रम चुकला, तर संगणक सुरू होताना अडकू शकतो.

असे का होते?
कर्नल हा सिस्टीमचा गाभा. बाकीचे प्रोग्रॅम त्याच्याकडून कामे करून घेतात. नवा कर्नल सहसा जुने प्रोग्रॅम चालवतो. पण नव्या प्रोग्रॅमची मागणी जुन्या कर्नलला कळेलच असे नाही.

योग्य क्रम कोणता?
नवा कोड घेतल्यावर आधी त्यातील 'अपडेटिंग' ही फाइल वाचा. मग कोड कंपाइल करा, कर्नल बसवा, रीस्टार्ट करा आणि त्यानंतरच बाकीचे प्रोग्रॅम बसवा. शेवटी 'ईटीसीअपडेट' वापरून सेटिंगच्या फाइल जुळवून घ्या.

अडचण आल्यास काय कराल?
कंपाइल करताना एरर आली, तर आधीच्या बिल्डच्या फाइल पुसून पुन्हा प्रयत्न करा. नवा कर्नल सुरूच झाला नाही, तर बूट मेन्यूतून 'कर्नल.ओल्ड' निवडा, जुना कर्नल तिथे जपलेला असतो. म्हणूनच मधले रीस्टार्ट टाळू नका. तोपर्यंत परतीचा मार्ग खुला असतो.