समुद्राचा हिवाळा वेगळा असतो
लाटांवर : भाग ७

गेल्या आठवड्यात सर्फबोर्ड पाहिला, आज वेटसूट. मालवण किंवा गोव्याच्या कोमट पाण्यात उतरणाऱ्याचं अंग उन्हाने भाजू नये म्हणून घातलेल्या पातळ रॅशगार्डवर भागतं. पण कॅलिफोर्नियाच्या बे एरियात मराठी घरं पुष्कळ आहेत, तिथली मुलं सांताक्रूझला सर्फिंग शिकायला जातात, आणि त्यांचे आईबाप मे महिन्यातलं लख्ख ऊन पाहून पातळ सूट विकत घेतात. आजचा भाग मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पाणी सगळ्यात गार असतं ते एप्रिल-मेच्या सुमारास. तेव्हा ते ११-१२ अंश सेल्सियसपर्यंत उतरतं. डिसेंबरमध्येसुद्धा ते बहुधा याहून थोडं उबदारच असतं. वसंतात वायव्येचे जोरदार वारे किनाऱ्याला समांतर वाहू लागतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पृष्ठभागाचं पाणी उजवीकडे वळतं, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर, आत समुद्रात जातं. त्याची जागा घ्यायला खोलातलं थंडगार पाणी वर येतं. हेच पाणी खालची पोषकद्रव्यंही वर आणतं, म्हणून मॉंटेरेच्या उपसागरात जीवसृष्टी इतकी समृद्ध आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात वारे मंदावतात आणि पाणी १४ ते १६ अंशांवर येतं. सर्फिंगला नव्याने सुरुवात करायची तर याच दोन महिन्यांत करावी, असं मी आग्रहाने सांगेन.

हे गणित सगळीकडे लागू नाही. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत गार असतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सर्वांत उबदार. जमिनीच्या मागून समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. म्हणून जिथे जाल तिथल्या पाण्याचं महिनावार तापमान आधी पाहा, हवेचं नंतर.

आता सूट. यातली महत्त्वाची कल्पना बर्कलीतले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांना १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सुचली. ऊब हवी तर अंग कोरडंच राहिलं पाहिजे असं नाही, हे त्यांनी ओळखलं. सूटमध्ये थोडं पाणी शिरतं, पण उष्णता अडवून धरतात ते निओप्रीन या रबरामधले वायूचे बारीक बुडबुडे. १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोत सर्फिंगचं दुकान काढणाऱ्या जॅक ओनील यांनी पुढे सांताक्रूझला बस्तान हलवलं आणि वेटसूट सर्फरांच्या अंगावर चढवला.

सूटवर ४/३ लिहिलेलं असतं, म्हणजे धडाला ४ मिलिमीटर आणि हातापायांना ३. वल्हवताना खांदे मोकळे हवेत म्हणून हा फरक. सांताक्रूझसाठी एकच सूट घ्यायचा असेल तर ४/३च घ्या. एप्रिल-मेमध्ये त्याला पायमोजे आणि टोपडं जोडा. सॅन फ्रान्सिस्कोचा ओशन बीच अधिक उघडा आणि वाऱ्याचा. तिथे ५/४ अंगावर असलेला बरा. दक्षिणेला सॅन डिएगोत उन्हाळ्यात पाणी २० अंशांच्या आसपास किंवा वर जातं, तिथे ३/२ किंवा त्याहून पातळही चालतो. एल निनोच्या वर्षी, जसं १९९७-९८ मध्ये झालं, खालचं गार पाणी वर येणं कमी होतं आणि हे सगळे आकडे वर सरकतात.

जाडीइतकाच विचार शिवणीचाही करा. साध्या, आरपार टाक्यांच्या शिवणीतून पाणी झिरपत राहतं. गार पाण्यासाठी कडा आधी चिकटवून मग अर्ध्या जाडीतूनच टाका घातलेला सूट घ्या. छाती-पाठीवर बाहेरून कापड नसलेलं गुळगुळीत रबर असेल तर वारा कमी झोंबतो, मात्र ते नखाने सहज फाटतं.

आणि माप. मुलांना ‘वाढत्या अंगाचा’ सूट घेऊ नका. शाळेच्या गणवेशाला ते चालतं, इथे नाही. ढगळ सूटमध्ये प्रत्येक लाटेबरोबर गार पाणी आत येतं, अंगाने तापवलेलं पाणी बाहेर जातं, आणि महागडं निओप्रीन असूनही मूल थोड्याच वेळात कुडकुडतं. दुकानात हात वर करून, खाली बसून पाहा : कंबरेमागे पोकळी राहता कामा नये, काखेत आणि मांडीच्या सांध्यात घडी पडता कामा नये, गळा घट्ट हवा पण श्वास अडकू नये. कोरडा सूट चढवताना घाम फुटला तर माप बहुधा बरोबर आहे.