गळ्यातला पट्टा आणि मागची पावलं



यंदाच्या मदतनिधीची चर्चा सुरू झाली तेव्हा कमिटीच्या बैठकीत एक सूचना सगळ्यांना लगेच पटली. "या वर्षी वन्यप्राण्यांसाठी काहीतरी करू या. भारतात आफ्रिकेतून चित्ते आणलेत, त्यांच्या गळ्यात सॅटेलाइट कॉलर असते म्हणे. तशी एखादी कॉलर आपल्या मंडळाच्या नावाने देऊ!" कल्पना छानच होती. मुलांना तर फारच आवडली. पॉटलकच्या दिवशी एका चिमुरडीने विचारलंसुद्धा, "म्हणजे चित्ता हरवला तर आईच्या फोनसारखा शोधता येईल?"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आम्हीच बरंच काही शिकलो. इतकं, की निधी नेमका कशासाठी मागायचा हा आमचा विचारच बदलला. तो का बदलला, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

गेलेला पाहुणा परत आला

चित्ता आपल्याला परका नाही. त्याचं नावच मुळी आपल्या भाषांमधून जगभर गेलं. कोल्हापूरच्या दरबारी शिकवलेले चित्ते काळविटांच्या शिकारीसाठी पाळलेले असत. पुढे देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतूनही आणले गेले. १९४७ च्या सुमारास आजच्या छत्तीसगढमधल्या कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले, आणि १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं.

त्यानंतर सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. या सगळ्यांच्या गळ्यात कॉलर होती. का? तर परक्या जागी सोडलेलं जनावर एका ठिकाणी थांबत नाही. नवा मुलूख पालथा घालतं. कुनोचं क्षेत्रफळ ७४८ चौरस किलोमीटर, पण त्याला काही भिंत नाही. एप्रिल २०२३ मध्ये पवन नावाचा नर उद्यानाबाहेर पडून पार शेतशिवारात, गावाजवळ जाऊन बसला होता. तो कुठे आहे हे कळत होतं, म्हणूनच गर्दी आवरता आली आणि काही दिवसांनी त्याला सुखरूप परत आणता आलं.

कॉलर करते तरी काय?

हे तंत्र जन्मलं ते आपल्या या अमेरिकेतच. आई-बाबा भारतातून आले की आपण त्यांना हमखास यलोस्टोन दाखवायला नेतो ना, त्याच यलोस्टोनमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला क्रेगहेड बंधूंनी ग्रिझली अस्वलांना रेडिओ कॉलर घातल्या. १९७० साली वायोमिंगमध्ये एका एल्क हरणीच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारी कॉलर बांधली गेली. तिचं वजन होतं दहा किलोच्या वर! आज चित्त्याच्या कॉलरचं वजन काही शे ग्रॅम भरतं. जनावराच्या वजनाच्या तीन टक्क्यांहून जास्त ओझं त्याच्या गळ्यात नको, असा साधारण संकेत पाळला जातो.

आजच्या कॉलरमध्ये साधारण तीन गोष्टी एकत्र असतात. पहिली म्हणजे आपल्या गाडीत असतो तसा जीपीएस. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांपैकी निदान चार उपग्रहांचे संदेश पकडून कॉलर स्वतःची जागा ठरवते. पण जीपीएस नुसतं ऐकतं, बोलत नाही. म्हणून दुसरी गोष्ट लागते, निरोप धाडणारं यंत्र. ते ही माहिती दुसऱ्या एखाद्या उपग्रहाकडे पाठवतं. पुष्कळ कॉलर इरिडियमचे उपग्रह वापरतात. ते त्या मानाने जवळ, म्हणजे सुमारे ७८० किलोमीटरवर असतात. तिथून निरोप खाली येतो आणि जंगलातल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नकाशावर एक ठिपका उमटतो.

तिसरी गोष्ट म्हणजे जुना, विश्वासू रेडिओ. तो सतत बीप-बीप करत राहतो. आपल्या लहानपणी गच्चीवर टीव्हीचा अँटेना असायचा, तसलाच छोटा अँटेना हातात धरून माणूस जंगलात फिरतो आणि आवाज जिकडे मोठा येईल तिकडे जातो. ठिपका मैल दोन मैलांवर नेऊन सोडतो, शेवटचं अंतर या बीप-बीपच्या मागे पायीच काटावं लागतं.

बरं, हा ठिपका काही सिनेमासारखा सतत हलत नसतो. प्रत्येक निरोपाला बॅटरी खर्च होते. तासातासाला जागा विचारली तर बॅटरी लवकर संपते, आणि नवी कॉलर घालायची तर जनावराला पुन्हा बेशुद्ध करणं आलं. म्हणून काही तासांनी एक नोंद यावर भागवावं लागतं. मधल्या वेळात चित्ता कुठे गेला, त्याने काय खाल्लं, तो लंगडतोय का, हे ठिपक्याला ठाऊक नसतं.

ठिपका सांगत नाही ते

हीच गोष्ट २०२३ च्या पावसाळ्यात फार महागात पडली. दक्षिण गोलार्धात जून ते सप्टेंबर हिवाळा असतो. तिथून आलेल्या चित्त्यांच्या शरीराचं घड्याळ तेच राहिलं आणि भर पावसाळ्यात त्यांच्या अंगावर थंडीची दाट लव आली. ओली लव, दमट हवा, त्यावर गळ्यात पट्टा. कातडी खाजली, जखमा झाल्या, माश्या बसल्या, अळ्या पडल्या आणि विष रक्तात भिनलं. ११ जुलैला तेजस गेला. १४ जुलैला सूरज गेला. २ ऑगस्टला धात्री ही मादी मृतावस्थेत सापडली. पट्ट्याखालची जखम नकाशावरच्या ठिपक्यात दिसत नाही. पुढे बाकीच्या चित्त्यांना पकडून, कॉलर काढून तपासावं लागलं.

त्यातच निर्वा नावाच्या मादीची कॉलर २१ जुलैला बंद पडली. भर पावसात, दाट झाडीत एक चित्ता दिसेनासा झाला. शंभराहून अधिक माणसं, ड्रोन, श्वानपथक, हत्ती, सगळे तिच्या मागावर निघाले. जवळजवळ तीन आठवडे हा शोध चालला. १२ ऑगस्टच्या संध्याकाळी अचानक उपग्रहाकडून तिच्या जागेची एक नोंद आली, सगळे तिकडे धावले आणि १३ तारखेला सकाळी निर्वा धडधाकट सापडली. यंत्राने एक ठिपका दिला हे खरंच, पण तो आला तेव्हा माणसं चिखलात तयार उभी होती, म्हणूनच त्याचा उपयोग झाला.

आणि या माणसांचं काम सोपं नाही हो. मे २०२३ मध्ये आशा नावाच्या मादीच्या मागावर असलेल्या वन खात्याच्या पथकावर पहाटेच्या अंधारात गावकऱ्यांनी हल्ला केला. चंबळचाच तो मुलूख. अपरात्री अनोळखी गाडी गावाभोवती फिरताना पाहून त्यांना वाटलं, दरोडेखोर आले! कर्मचारी जखमी झाले. मार्च २०२५ मध्ये गुरावर झडप घालणाऱ्या चित्त्यांवर गावकऱ्यांनी दगडफेकही केली. ज्याची गाय जाते त्याचा राग आपण समजून घ्यायला हवा. अशा वेळी मध्ये उभं राहून समजूत घालणारा माणूस लागतो, आणि तो गावचाच असला तर उत्तम. म्हणूनच कुनोच्या आसपासच्या गावांत सुरुवातीलाच 'चित्ता मित्र' तयार करण्यात आले.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची आहे. ज्वाला नावाच्या मादीला मार्च २०२३ मध्ये चार पिल्लं झाली. पिल्लांना काही कॉलर नसते. मे महिन्यात पारा ४६ अंशांवर गेला तेव्हा पहाऱ्यावरच्या लोकांच्या लक्षात आलं, की एक पिल्लू पडून आहे, मान उचलत नाही. डॉक्टर धावले, पण ते गेलं. मग उरलेली तीन उचलून आणली. त्यातली दोन गेली, एक वाचलं. तिचं नाव मुखी. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच मुखीने पाच पिल्लांना जन्म दिला. कुठल्याही उपग्रहाला दिसलं नसतं ते कुणाच्या तरी डोळ्यांना वेळेवर दिसलं, म्हणूनच ही पाच पिल्लं जन्माला आली.

मग आपण काय करायचं?

कुनोचा प्रकल्प सरकारी आहे. आपल्या निधीची तिथे वाट पाहिली जात नाही. पण हीच गोष्ट आपल्या महाराष्ट्रालाही लागू आहे. 'आजोबा' बिबट्या आठवतो ना? २००९ साली माळशेज घाटात सोडल्यावर तो सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या वेशीवर आला. हे कळलं ते कॉलरमुळेच. पण आपल्याकडच्या बहुतेक वाघ-बिबट्यांच्या गळ्यात कॉलर नाही. त्यांच्या मागावर असतात ते वनरक्षक आणि रोजंदारीवरचे वनमजूर, पायी.

म्हणून कमिटीने ठरवलं, की मंडळाच्या नावाची कॉलर नको. यंदाच्या निधीतून महाराष्ट्रातल्या जंगलात पायी गस्त घालणाऱ्यांसाठी पावसाळी बूट, रेनकोट, टॉर्च आणि प्रथमोपचाराच्या पेट्या द्यायच्या. बुटांवर कुणाचं नाव कोरता येत नाही, आणि फोटोतही ते काही खास दिसत नाहीत, हे आम्हाला मान्य आहे! पण त्या चिमुरडीला आता आम्ही खरं उत्तर देऊ शकतो: बाळ, हरवलेला चित्ता कुठे आहे ते कॉलर सांगते. तो बरा आहे का, हे बघायला मात्र कुणीतरी तिथपर्यंत चालत जावं लागतं.

फूल ना फुलाची पाकळी, जे जमेल ते द्या. ती पावलं थांबू नयेत, एवढीच आमची विनंती.