हसण्यावारी नेलेली गाडी

२००२ साली माझी नेमणूक बंगळूरच्या एका शाखेत होती. एके दुपारी मूळचे बेळगावचे एक प्राध्यापक वाहनकर्जाचा अर्ज घेऊन केबिनमध्ये आले. गाडी होती 'रेवा'. दोन दारांची, विजेवर चालणारी, आदल्याच वर्षी बाजारात आलेली. मी माहितीपत्रक उलटसुलट पाहिलं आणि म्हणालो, "सर, हे खेळणं आहे हो! खेळण्याला कर्ज कसं द्यायचं?" शेजारी बसलेले सहकारी हसले. प्राध्यापकही हसले आणि कागद गोळा करून निघून गेले. बॅटरी किती वर्षं टिकते, बदलायला खर्च किती येतो, यातलं मी काहीच विचारलं नाही. अर्ज नाकारण्यात गैर नव्हतं. पण तो मी न वाचताच नाकारला, ही बोच अजून आहे.

गंमत म्हणजे, ती गाडी खरोखरच एका खेळातून जन्मली होती, हे मला फार उशिरा कळलं.

१९८७ साली ऑस्ट्रेलियात डार्विन ते ॲडलेड अशी सुमारे तीन हजार किलोमीटरची, केवळ सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत झाली. जनरल मोटर्सच्या 'सनरेसर'ने ती ताशी सरासरी ६७ किलोमीटर वेगाने जिंकली. झुरळासारखी चपटी, जेमतेम एक माणूस मावेल अशी गाडी. तिच्या पाठीवरच्या सौरघटांतून मिळणारी वीज आपल्या न्हाणीघरातल्या गिझरला लागते त्याहूनही कमी! ती घडवण्यामागे पॉल मॅकक्रेडी होते. पायडल मारून उडवायचं विमान त्यांनीच बनवलं होतं आणि १९७९ साली त्यातून एका सायकलपटूने इंग्लिश खाडी ओलांडली होती. सनरेसर घेऊन कुणी भाजी आणायला जाणार नव्हतं. पण इतक्या थोड्या विजेत गाडी एवढी पळते, हे जगाने डोळ्यांनी पाहिलं. त्याच मंडळींनी घडवलेली 'इम्पॅक्ट' ही विजेची मोटार जानेवारी १९९० मध्ये लॉस एंजलिसच्या प्रदर्शनात झळकली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने फर्मान काढलं, की १९९८ पासून मोठ्या कंपन्यांच्या तिथल्या विक्रीत दोन टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या हव्यात. पुढे ते लांबणीवर पडलं, ही गोष्ट वेगळी.

जनरल मोटर्सने १९९० साली अमेरिकी विद्यार्थ्यांसाठीही अशीच शर्यत भरवली. ती जिंकणाऱ्या मिशिगन विद्यापीठाच्या चमूत बंगळूरचा एक तरुण होता, चेतन मैनी. 'रेवा' त्याचीच.

मग सगळीच खेळणी रस्त्यावर येतात का? नाही. खिशात मावणारे कॅल्क्युलेटर आणि स्वस्त संगणक घरोघरी पोचवणाऱ्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी जानेवारी १९८५ मध्ये, भर थंडीत, लंडनमध्ये 'सी-५' सादर केली. तीन चाकं, वर छप्पर नाही, बॅटरी थकली तर पायडल मारायचं. किंमत ३९९ पौंड. चालक इतका खाली बसे की ट्रकवाल्याला तो दिसेल की नाही, हीच धास्ती. दिसावं म्हणून उंच काठी हवी तर तिचे पैसे वेगळे. धुलाईयंत्रांच्या कारखान्यात तयार होते म्हणून तिला मोटरही धुलाईयंत्राचीच बसवलीय, अशी कंडी पिकली. ती खोटी होती, पण लोक हसले ते हसलेच. ऑगस्टमध्ये उत्पादन बंद पडलं.

सनरेसरने 'मी खेळ आहे' असं उघड सांगितलं, म्हणून लोक कौतुकाने थांबले. सी-५ने 'मी तुमचं रोजचं वाहन आहे' असं सांगितलं आणि पहिल्याच पावसात तिचं खेळणंपण उघडं पडलं. 'रेवा'चीही लंडनमध्ये पुष्कळ टिंगल झाली. पण शहराच्या मध्यभागात शिरण्याचा रोजचा कर तिला माफ होता. हसणारे हसत राहिले, हिशेब करणाऱ्यांनी ती घेतली.

आमच्या सोसायटीत चार्जिंगच्या सोयीचा विषय दोन वर्षं लोंबकळत होता. सभेत कुणीतरी "ही सगळी फॅडं आहेत" म्हणायचं आणि चहा यायचा. यंदा गणपतीत मुलांनी सौरघटावर पळणाऱ्या चिमुकल्या गाड्यांची शर्यत लावली. ढग आला की गाड्या थांबत, ऊन पडलं की सुटत. पोरांपेक्षा आजोबांचाच आरडाओरडा जास्त. पुढच्या सभेत चिटणीस प्रथमच म्हणाले, "तारा कुठून न्यायच्या? मीटर कुणाच्या नावावर?"

ठराव अजून झालेला नाही. खेळण्याने तो होतही नाही. तारा, मीटर आणि पैसे यांचीच उत्तरं शोधावी लागतात. पण खेळण्यामुळे निदान प्रश्न विचारला गेला.

बंगळूरच्या त्या दुपारी टेबलावर खेळणं होतंच. प्रश्न तेवढा मी विचारला नाही.